पाच एमएमची काच

काचवाल्यांना मी तीस-पस्तीस वर्षं ओळखते. इतका उघड हेवा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बहुतेक लोक हेवा पोटात ठेवतात आणि तोंडाने कौतुक करतात. काचवाल्यांना ते कधी जमलं नाही. शेजारच्या शिंप्याचं गिऱ्हाईक नवे कपडे घालून आरशात बघतं आणि खूश होऊन हसतं, याचा त्यांना हेवा. "आरसा मी दिलेला, आणि हसू त्याला," असं ते म्हणत. समोरच्या सायकलवाल्याकडे दिवसभर चार माणसं गप्पा मारत उभी असतात, त्याचा हेवा. माझाही हेवा त्यांनी केला होता, आणि तोंडावर सांगून केला होता. "बाई, तुमचं बरं आहे. तुम्ही शिकवलेली पोरं रस्त्यात थांबून तुमची चौकशी करतात. मी बसवलेल्या काचेतून लोक सरळ पलीकडे बघतात. नीट बसली असेल तर ती कुणाला दिसतच नाही."

शाळेत असताना वर्गांचे फोटो, प्रमाणपत्रं, नकाशे, सगळं मी त्यांच्याकडूनच फ्रेम करून घेत असे. दुकान अरुंद आणि खोल. दोन्ही भिंतींना टेकून उभ्या काचा, मधे जाड कापड अंथरलेलं मोठं टेबल, कोपऱ्यात माझ्यासारख्या रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्यांचं काम बघायला मला आवडे. पोलादी पट्टी लावायची, कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, श्वास रोखून एकच रेघ ओढायची आणि खालून हलकं ठोकायचं. काच वेगळी होताना आवाज इतका बारीक येई की आम्ही दोघं बोलणं थांबवून तो ऐकत असू.

हे सगळे हेवे तसे किरकोळ. दुपारच्या चहाबरोबर येत आणि कपाबरोबर विसळले जात. खरा हेवा एकच होता, तो म्हणजे त्यांच्या साडूंचा.

साडू म्हणजे स्टुडिओवाले. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, थोरली स्टुडिओवाल्यांची, धाकटी काचवाल्यांची. स्टुडिओवाले बोलके, टापटिपीचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. कुठल्याही खोलीत शिरले की पाच मिनिटांत सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे वळत. काचवाले त्याच खोलीत आधीपासून बसलेले असत आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसे. स्टुडिओवाल्यांना मूलबाळ नाही. काचवाल्यांना एकच मुलगी. घरात तिला बिट्टी म्हणतात, आणि सहावी-सातवीत गणिताला ती माझ्या वर्गात होती. उत्तर आलं तरी पुन्हा एकदा करून बघणारी मुलगी. अशा मुलींची मला नेहमी जरा काळजी वाटत आली आहे.

प्रत्येकाच्या हातात फोन आला तसे स्टुडिओवाल्यांकडे फोटो काढून घ्यायला लोक येईनासे झाले. दुसरा एखादा खचला असता. यांनी स्टुडिओचा मागचा पडदा गुंडाळून ठेवला आणि तिथे एक टेबल बनवायला घेतलं. साधं नव्हे. वरच्या काचेवर चित्र दिसावं आणि ते बोटांनी सरकवता यावं, मोठं-लहान करता यावं, तेही एका वेळी दोन-चार माणसांना मिळून. बिट्टीचं कॉम्प्युटरचं शिक्षण तेव्हा नुकतंच संपलं होतं आणि ती नोकरी शोधत होती. काकांनी हाक मारली, "तासभर येऊन बघ तरी." तास कधी संपलाच नाही. ती रोज संध्याकाळी तिकडे जायला लागली.

ते टेबल कसं चालतं हे बिट्टीने मला एकदा समजावलं. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. लाकडी पेटीच्या तळाशी प्रोजेक्टर. समारंभांत लोकांना फोटो मोठे करून दाखवायला काकांनी घेतलेला जुनाच. तो आरशावरून चित्र वर फेकतो. वरच्या काचेला खालून पातळ पांढरा कागद चिकटवलेला असतो, त्यावर ते उमटतं. काचेच्या चार कोपऱ्यांत चार छोटे लेझर. त्यांचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण पुढच्या बारीक भिंगामुळे तो पसरतो आणि काचेच्या जेमतेम वर कागदासारखा पातळ थर होऊन राहतो. बोट टेकलं की त्या थरात शिरतं आणि त्याचं टोक उजळतं. खाली बसवलेला कॅमेरा ते टिपतो. कॅमेऱ्याला चित्राचा उजेड दिसू नये म्हणून त्याच्या तोंडावर पूर्ण काळ्या पडलेल्या निगेटिव्हचा तुकडा लावलेला; त्यातून लेझरचा तो न दिसणारा प्रकाश तेवढा आत जातो. असल्या निगेटिव्ह काकांकडे डबे भरून होत्या. मग कॅमेऱ्याने पाहिलेल्या ठिपक्यांवरून कुठलं बोट कुठे आहे आणि कुठे चाललंय हे कॉम्प्युटरला सांगायचं, तो प्रोग्रॅम बिट्टीचा.

पहिलं टेबल लहान होतं, चहाच्या मोठ्या ट्रेएवढं. एका रविवारी दोन्ही घरची माणसं ते बघायला स्टुडिओत जमली. बहिणींनी लग्नातले फोटो बोटांनी इकडून तिकडे नाचवले. काचवाले मागे उभे राहून बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "चित्र दोन दोन दिसतंय." खरंच प्रत्येक कडेला एक फिकट सावली होती. स्टुडिओवाले तीन आठवडे त्या सावलीशी झगडत होते. काचवाल्यांनी खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, "साध्या आरशाचा मुलामा मागे असतो. उजेड एकदा काचेवरून परत येतो, एकदा मुलाम्यावरून. मुलामा पुढच्या बाजूला असलेला आरसा मिळतो, तो लावा." आणि स्वतःच्या घाऊक व्यापाऱ्याकडून मागवूनही दिला. सावली गेली.

पुढच्या रविवारी कुणी पाहुणे आले होते. त्यांना स्टुडिओवाले सांगत होते, "आधी दोन दोन दिसायचं. मग आम्ही आरसा बदलला."

हे 'आम्ही' काचवाल्यांना जे लागलं ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर त्यांनी मला ते तीनदा म्हणून दाखवलं, तिन्ही वेळा स्टुडिओवाल्यांच्या आवाजात. "आम्ही म्हणजे कोण, बाई? तो आणि बिट्टी. मी त्या आम्हीत नाही. मी आरशाबरोबर आलो, आरशाबरोबर पेटीत गेलो."

मी म्हटलं, त्यांनी काही वाईट मनात ठेवून म्हटलं नसेल.

"तेच तर," ते म्हणाले. "वाईट मनात असतं तर भांडता तरी आलं असतं."

घरी जेवताना तर रोजच आगीत तेल. "काका म्हणतात, कॅमेरा जरा तिरका हवा." "काका म्हणतात, लेझर लावताना चष्म्याशिवाय जवळ यायचं नाही, दिसत नाही तो उजेड जास्त वाईट." काचवाले एका जेवणात किती वेळा 'काका म्हणतात' येतं ते मोजायला लागले. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला हे हसत सांगितलं. एकदा सतरावर गेलं तसा त्यांनी पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला. बिट्टीला काही कळलं नाही. ती म्हणाली, "बाबा, पाणी सांडलं."

वहिनी फटकळ आहेत. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला सुनावलं. "अहो, त्यांना घरात हाक मारायला कुणी नाही. तुम्हाला आहे. आणि जळताय तुम्ही!"

काचवाल्यांनी त्यावर लेकीसाठी एक वस्तू बनवली. सहा आरशांची पेटी, आत डोकावलं की एका दिव्याचे शेकडो दिवे दिसत. सांधे इतके नाजूक की बोट फिरवलं तरी जाणवू नयेत. चार दिवस ते त्यावर राबत होते. बिट्टीने आत बघितलं, मनापासून "किती सुंदर आहे, बाबा" म्हटलं, आणि उशीर झाला म्हणून पेटी कपाटावर ठेवून स्टुडिओत गेली. ती पेटी काचवाल्यांनी खाली काढून दुकानात आणली. मी विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाइकाची आहे.

मग मोठ्या टेबलाची गोष्ट निघाली. गावच्या म्युझियमकडे जुन्या नकाशांचा मोठा संग्रह होता. लोकांना हात लावू देता येत नाही आणि कपाटात ठेवून उपयोग नाही. तिथल्या प्रमुख बाईंनी लहान टेबलाबद्दल कुणाकडून तरी ऐकलं आणि निरोप पाठवला की असंच मोठं, सहा माणसं भोवती उभी राहतील असं करून दाखवा. आवडलं तर म्युझियमला ठेवू, आणि ते सांभाळायला, त्यात नकाशे भरायला तुमच्या मुलीलाच कामावर घेऊ. दोन महिन्यांची मुदत. बिट्टीला आतापर्यंत चार ठिकाणांहून नकार आले होते. ती त्या निरोपाने उजळून गेली.

काचेची चिठ्ठी तीच दुकानात घेऊन आली. दीड मीटर बाय एक मीटर, जाडी पाच एमएम. खाली काकांचं ठसठशीत अक्षर.

काचवाल्यांनी चिठ्ठी वाचली. "ठेवणार कशावर?"

"लांब बाजूंना दोन पट्ट्या. आखूड बाजू मोकळ्या. प्रोजेक्टरची गरम हवा बाहेर जायला पाहिजे ना."

"एवढी मोठी, दोनच बाजूंवर?"

"बाबा, काकांनी सगळं काढलंय व्यवस्थित. तुम्ही फक्त कापून द्या. बाकीचं आम्ही बघतो."

शेवटचं वाक्य तिने अगदी लाडाने म्हटलं होतं. वडिलांना त्रास नको म्हणून. काचवाल्यांनी पुढे काही विचारलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला स्वतःला साठ वर्षं माहीत नव्हती. काच लवते. आपल्याला वाटतं, काच एक तर सरळ असते नाही तर फुटते. पण मोठी पातळ काच आडवी ठेवली आणि खालून मधे आधार नसला, तर ती आपल्याच वजनाने मधोमध जरा खाली जाते. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. फक्त काच कापणाऱ्यांना हे माहीत असतं, कारण पातळ काच दोघांनी दोन कडांना धरून उचलली की ती मधे कशी झोल खाते ते ते रोज बघतात. एक मीटरच्या अंतराला पाच एमएम म्हणजे मधे दोन-अडीच एमएमची खोली. साधं जेवणाचं टेबल असतं तर कुणाच्या वडिलांनाही कळलं नसतं. पण या टेबलावर प्रकाशाचा थर पट्टीसारखा सरळ जाणार होता आणि काचेपासून एक-दीड एमएम वर राहणार होता. कडेला तो काचेला चिकटून असला तरी मधे काच त्याच्यापासून दूर गेलेली असणार.

काचवाल्यांना हे सगळं चिठ्ठी वाचतानाच कळलं होतं. बारा एमएम पाहिजे, चारही बाजूंना आधार पाहिजे, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी पाच एमएम कापली. मी नंतर त्यांना विचारलं तर म्हणाले, आयुष्यात इतकी सरळ रेघ ओढली नव्हती. कडा घासून अशा गुळगुळीत केल्या की बाळाच्या गालावरून फिरवाव्यात. जे मागितलं ते दिलं, आणि उत्तम दिलं.

टेबल उभं राहिलं आणि बिघडलं. कडेला सगळं नीट चाले. मधोमध मात्र बोट काचेला टेकायच्या आधीच टेबलाला ते कळे आणि बोट उचललं तरी सुटलेलं कळत नसे. नकाशा बोटाला चिकटल्यासारखा मागे मागे येई. दोन बोटं जवळ आणली की त्यांचं एकच होऊन जाई. कुणी काचेवर जरा रेललं की आणखी गोंधळ. लहान टेबलावर हाच प्रोग्रॅम बिनचूक चालत होता, म्हणून मोठ्यासाठी तो बदलताना आपलंच काही चुकलं, असं बिट्टीने धरलं. तिने तो पुन्हा लिहिला. मग पुन्हा. जेवताना ती आता काकांचंही नाव घेत नव्हती. ताटात बोटाने चौकोन काढत बसे आणि मधेच थांबे.

एका जेवणाला तिने वडिलांना सगळं सांगितलं, उत्तराच्या अपेक्षेने नव्हे, कुणाला तरी सांगावं म्हणून. "कडेला नीट, बाबा. फक्त मधे."

काचवाल्यांनी "हं" म्हटलं आणि भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात होते. माझ्या एका जुन्या नकाशाची काच तडकली होती. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, दोन चहा सांगितले, आणि शाळेतल्या मुलासारखे डोळे चमकवत सगळं सांगितलं. लवणारी काच, पट्ट्या, दोन-अडीच एमएम. "दोन पेनं खिशाला लावून हिंडतो. एवढं कळलं नाही. आता बसा म्हणावं डोकं खाजवत." मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला बघवलं नाही.

"बिट्टीला सांगितलंत?"

"विचारलं कुणी मला? फक्त कापून द्या म्हणाले."

मी चहा संपवला. मग म्हटलं, "उत्तर येत असून हात वर न करणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. त्यांचा मला राग यायचा नाही, काही मुलं भिडस्त असतात. पण शेजारी बसलेली मुलगी तेच गणित चुकून रडत असेल आणि हा गप्प असेल, तर यायचा."

त्यांनी माझा नकाशा उचलला आणि म्हणाले, काच उद्या होईल. ती आठ दिवसांनी झाली, आणि न्यायला गेले तेव्हा स्टुलावर खोक्यांचा ढीग होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. वहिनींनी सांगितलं, आणि नंतर काचवाल्यांनीही. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता, म्हणून खरं मानते.

म्युझियमचे लोक यायला नऊ दिवस राहिले होते. रविवारी दुपारी सगळे स्टुडिओत जमले. बिट्टी टेबलाशी वाकलेली, डोळ्यांखाली काळं झालेलं. मावशीने मुद्दाम तिला बाजूला बसवलं. काचवाले दाराजवळच्या बाकावर होते, जिथे पूर्वी फोटोची पाळी येईपर्यंत गिऱ्हाइकं बसत. बिट्टी म्हणाली, "काका, प्रोग्रॅम मी तीनदा तपासला. टेबलातच तर काही नसेल ना?"

स्टुडिओवाल्यांना विनोदाची संधी सोडवत नाही. मनात काही नव्हतं त्यांच्या. ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं!"

सगळे हसले. बिट्टीही हसली. मग हसू तसंच तोंडावर ठेवून म्हणाली, "खरंय. माझंच काहीतरी चुकतंय. मला हे येत नाही, काका. म्युझियमला नाही म्हणून कळवू या. औषधांच्या गोदामात बिलं करायची नोकरी मिळतेय, ती मी उद्या घेते."

काचवाले मला म्हणाले, "बाई, अंगण खरंच वाकडं होतं. आणि ते मी वाकडं करून दिलं होतं. मला वाटलं होतं, हसं त्याचं होईल. पोरगी स्वतःला नापास करून मोकळी झाली."

ते बाकावरून उठले. म्हणाले, "काच लवलीय."

स्टुडिओवाले हसले. "साडूबुवा, काच फुटते. लवते ती फांदी."

भिंतीवर फोटोंचे पुठ्ठे कापायची एक मीटरची पोलादी पट्टी टांगलेली होती, ती काचवाल्यांनी काढली. लेझर बंद करायला सांगितले आणि पट्टी काचेवर आडवी ठेवली, या लांब कडेपासून त्या लांब कडेपर्यंत. टोकांना ती टेकली होती. मधे काच आणि पट्टी यांच्यात उजेडाची एक फट दिसत होती. टेबलावर स्टुडिओच्या कार्डांची डबी होती. त्यांनी एक कार्ड फटीत सरकवलं. मग त्यावर दुसरं. सहा कार्डं गेली. सातवं अडलं.

बिट्टीने खाली वाकून फटीतून पलीकडे पाहिलं. मग तिने हाताचा तळवा काचेवर मधोमध टेकवला, जरासा दाबला, आणि कार्डं सैल झालेली पाहिली. सगळं तिच्या ध्यानात आलं असणार. पुन्हा पुन्हा तपासणारी मुलगी ती. पण तिने पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच.

"बाबा, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

स्टुडिओवाले पटकन म्हणाले, "अगं, आत्ताच दिसलं त्यांना. बाहेरच्या माणसाला बरोबर दिसतं."

वाट अगदी सरळ करून दिली होती. हं म्हटलं की संपलं असतं. वहिनी म्हणतात, "मी मनात म्हटलं, म्हणा हं."

"कापतानाच," काचवाले म्हणाले. "चिठ्ठी वाचली तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

काचवाल्यांनी साडूंकडे पाहिलं, मग लेकीकडे. "तू रोज इकडे येतेस, ते मला बघवत नाही."

एवढ्या माणसांसमोर, थोरल्या साडूंच्या स्टुडिओत, पन्नाशी उलटलेला माणूस हे बोलला. वहिनी म्हणाल्या, "मला जमीन फाटावीशी वाटली. आणि बाई, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला त्यांचा अभिमानही वाटला, कशाचा ते सांगता यायचं नाही."

बिट्टी पुढचे चार दिवस वडिलांशी कामापुरतं सोडून बोलली नाही. पण सोमवारी सकाळी ती दुकानात आली, कागदावर मापं लिहून. दीड बाय एक, बारा एमएम, चारही बाजूंना लोखंडी चौकट. खाली कुणाचं नाव नव्हतं. काचवाल्यांनी मापं दोनदा वाचली आणि म्हणाले, चौकटीखाली मधे एक आडवी पट्टीही लागेल. ती म्हणाली, तिची सावली चित्रात येईल. ते म्हणाले, मग बारावर भागवू. बाकी काही बोलणं झालं नाही. गरम हवेसाठी पेटीच्या बाजूंना, वरच्या अंगाला भोकं पाडायची हे तिने स्वतःच काढलं. काच न्यायला शिंपी, सायकलवाला, स्टुडिओवाले आणि काचवाले असे चौघे लागले, आणि चौघांपैकी कुणाचंही कुणाशी नीट जुळत नसल्यामुळे रस्ताभर एकमेकांना सूचना देत गेले.

म्युझियमचे लोक आले त्या दिवशी मीही स्टुडिओत गेले होते. बिट्टीचं आमंत्रण होतं. टेबलावर शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा पसरला होता. सहा जण चारही बाजूंनी बोटं फिरवत होते आणि नकाशा सगळ्यांचं ऐकत होता. प्रमुख बाई बारीक नजरेच्या. त्यांनी चौकट चाचपली आणि विचारलं, काच एवढी जाड का?

स्टुडिओवाल्यांनी घसा साफ केला. "त्याचं काय झालं, पातळ काच मधे लवते. हे लक्षात आल्यावर आम्ही..."

"आम्ही नाही, काका," बिट्टी म्हणाली. आवाज अगदी साधा, गरम हवेबद्दल सांगावं तसा. "बाबांच्या लक्षात आलं. पहिली काच बाबांनीच कापली होती. ती चुकीची आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी सांगितलं नाही. मी दीड महिना प्रोग्रॅम बदलत बसले. ही दुसरीही त्यांनीच कापली."

बाईंना वाटलं, घरची थट्टा आहे. त्या हसल्या. काचवाले खांबाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला, पण ते खांबामागे गेले नाहीत. स्टुडिओवाले मात्र एक पेन खिशातून काढून पुन्हा खिशात लावत राहिले. आठवड्याने मी दुकानात गेले तर स्टूल मोकळं होतं. बसते न बसते तोच काचवाल्यांनी विचारलं, "त्याचं तोंड पाहिलंत, बाई?" मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तसे ते दुसरीकडे बघत म्हणाले, "पाहू नये माणसाने. पण पाहिलं मी."

बिट्टीला काम मिळालं. सकाळी नऊला घर सोडते, संध्याकाळी सातला येते. स्टुडिओत जायला तिला वेळ नसतो. वडिलांशी ती पूर्वीसारखी बोलते, पण काही विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं की जरा थांबून "नक्की ना?" म्हणते. ते दर वेळी त्यांना टोचतं. त्यावर काही इलाज नाही, हे त्यांना माहीत आहे.

परवा मी गेले तर दुकानात स्टुडिओवाले बसले होते, माझ्या स्टुलावर. मला बघून उठायला लागले, मी नको म्हटलं. दोघांपुढे चहा निवत होता.

"म्युझियमच्या मॅडम म्हणतात, पुढचं टेबल भिंतीवर उभं करायचं," स्टुडिओवाले मला म्हणाले. "बिट्टी सांगत होती. फोनवर दहा मिनिटं बोलली, त्यात मॅडम म्हणतात, मॅडम म्हणतात, दुसरं काही नाही."

"आमच्याकडे काल एका जेवणात एकवीस वेळा," काचवाले म्हणाले.

"या मॅडमला काचेतलं काय कळतं?"

"काही कळत नाही. उभी काच धरायची कशी, ते तरी विचारलंय का तिने कुणाला?"

"लेझरचं तरी कुठे विचारलंय?"

दोघेही रागाने चहाकडे बघत बसले. मग काचवाल्यांनी उठून जरा सरकून घेतलं, आणि मला बसायला एक खोकं पालथं घालून दिलं.